गाव कोठे संपते?

(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज ज्यांनी कधी भरला असेल, त्यांना त्यातील एक लहानसा रकाना आठवत असेल. शाळा ग्रामीण भागातील की शहरी भागातील, एवढीच विचारणा त्यात असते. मुलाला त्याचे महत्त्व कळत नाही, पालकांना उत्तर उघड वाटते आणि शाळेतून खूण करून अर्ज पुढे पाठविला जातो. निकाल लागतो तेव्हा मात्र गुणवत्तायाद्या वेगवेगळ्या असतात. ग्रामीण मुलांची निराळी, शहरी मुलांची निराळी. त्या खुणेने मुलाच्या गुणांत काही अधिकउणे होत नाही. त्याची तुलना कोणाशी व्हायची, हे मात्र तिने ठरून जाते.

आजच्या व्याख्यानाचा विषय ती खूण हाच आहे. शासन गाव कशाला म्हणते, ते कोण ठरवितो आणि त्या ठरविण्यावर कोणाचा रस्ता, कोणाची मजुरी आणि कोणाचा शाळाप्रवेश अवलंबून असतो, याचा हा विचार आहे. उदाहरण म्हणून जयपूर घेतले आहे. महाराष्ट्रातील एखादे शहर घेतले असते तर श्रोत्यांपैकी निम्मे आपापल्या गावाची बाजू घेऊन बसले असते आणि ते योग्यही ठरले असते. दूरच्या शहराकडे जरा निवांतपणे पाहता येते. शिवाय ‘ग्रामीण’ हा शब्द एका अख्ख्या जिल्ह्याच्या नावाला जोडून तो दीड वर्षाच्या आत पुसून टाकण्याचा प्रयोग जयपुरातच झाला आहे.

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले, तेव्हा हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. आखीव रस्ते, चौकड्या, भोवती तट आणि तटाला दरवाजे. दरवाजाच्या आत शहर आणि बाहेर गावे. सांगानेर हे त्या वेळी स्वतंत्र, जुने आणि आपल्या कारागिरीवर जगणारे गाव होते. आज सांगानेरला विमानतळ आहे, हातकागदाचे आणि कापडछपाईचे कारखाने आहेत, आणि ते जयपूर महापालिकेच्या हद्दीत मोडते. तरीही ‘सांगानेर पंचायत समिती’ नावाची एक ग्रामीण संस्था अस्तित्वात आहेच. हद्दीबाहेर राहिलेल्या खेड्यांचा कारभार ती पाहते. झोटवाड्याचेही तसेच. शहराच्या उपनगराचे नाव आणि ग्रामीण पंचायत समितीचे नाव एकच असावे, यात नवल करण्यासारखे काही नाही. शहर पुढे सरकत गेले आणि नावे मागे राहिली, एवढेच घडले.

जिल्ह्याची कथा याहून चमत्कारिक आहे. २०११ च्या जनगणनेत जयपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६६ लक्ष होती. त्यांपैकी ३० लक्षांहून अधिक लोक एकट्या जयपूर शहरात राहत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राजस्थान सरकारने नवे जिल्हे निर्माण केले, त्यांत शहराचा ‘जयपूर’ आणि भोवतालचा ‘जयपूर ग्रामीण’ असे दोन जिल्हे झाले. अजमेर रस्त्यावरचे दूदू हेही त्याच वेळी जिल्ह्याचे ठाणे झाले. पुढे सरकार बदलले आणि २८ डिसेंबर २०२४ रोजी नऊ जिल्हे रद्द करण्यात आले. जयपूर ग्रामीण आणि दूदू त्यांत होते. लोकसभेचा ‘जयपूर ग्रामीण’ मतदारसंघ मात्र त्याआधीही होता आणि अजूनही आहे. आता गंमत अशी की, या ‘ग्रामीण’ जिल्ह्यात चौमू, चाकसू, सांभर अशी नगरपालिका असलेली गावे होती. कायद्याने ती शहरे, जिल्ह्याने ग्रामीण. तेथील रहिवाशाने अर्जातल्या रकान्यात कोणती खूण करावी?

जिल्ह्याच्या नावाने कोणाची मजुरी वाढली नाही की बुडाली नाही, हे खरे. मजुरी दुसऱ्या व्याख्यांवर ठरते. त्या व्याख्या कोठून आल्या, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९०१ च्या जनगणनेत नगराची जी व्याख्या झाली, तिच्यात नगरपालिका, छावणी आणि सिव्हिल लाइन्स यांच्या जोडीला सलग घरांची, किमान ५,००० वस्तीची कोणतीही जागा समाविष्ट होती. मात्र ती नगर मानावी की नाही, हे प्रांताच्या जनगणना अधीक्षकाच्या विवेकावर सोडले होते. व्यापाराचे महत्त्व, वस्तीची दाटी, इतिहासातील स्थान असे सगळे पाहून त्याने ठरवावयाचे. म्हणजे शहरपण हा एका अधिकाऱ्याच्या मताचा विषय होता. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या जनगणनेत आयुक्त अशोक मित्र यांच्या कारकिर्दीत या मनमानीला आळा बसला आणि तीन कसोट्या निश्चित झाल्या. किंचित फेरफारांसह त्याच आजही चालतात. लोकसंख्या किमान ५,०००; दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे; आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या उद्योगांत. या तीनही कसोट्या जी वस्ती उतरते ती ‘जनगणना नगर’. ज्या ठिकाणी नगरपालिका, महापालिका वा छावणी मंडळ कायद्याने स्थापन झाले आहे ते ‘वैधानिक नगर’. त्याला कसोटी नाही, अधिसूचना पुरते.

आणि ग्रामीण म्हणजे काय? या प्रश्नाचे उत्तर जनगणनेने कधी दिलेलेच नाही. जे नगर नाही ते ग्रामीण. उरलेले सगळे. देशातील सुमारे ६ लक्ष ४० हजार गावे आणि २०११ च्या मोजणीप्रमाणे ८३ कोटी माणसे ही अशा ‘उरलेल्या’ रकान्यात बसविली गेली आहेत. राज्यघटनेकडे वळावे तरी हाच अनुभव येतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे राज्यपाल अधिसूचनेने ज्याला गाव म्हणतील ते गाव. ७४ व्या दुरुस्तीने नगरपंचायत, नगरपरिषद आणि महापालिका यांसाठी लोकसंख्या, दाटी, महसूल, शेतीबाहेरचा रोजगार असे निकष विचारात घ्यावेत असे सुचविले, पण आकडे राज्यांवर सोडले.

तिसऱ्या कसोटीत ‘पुरुष’ हा शब्द आला आहे, तो कानावरून सहज निसटतो. जयपूरच्या दक्षिणेस सीतापुरा औद्योगिक क्षेत्र आहे, उत्तरेस विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र. भोवतालच्या खेड्यांतले पुरुष सकाळी मोटारसायकलने वा मिनीबसने तिकडे जातात. घरी बाजरीचे शेत, दोन म्हशी, चारा आणि डेअरीला घालावयाचे दूध असते. ते सगळे बायकांच्या अंगावर पडते. पुरुषांची मोजणी केली तर असे गाव शहर ठरू शकते. बायकांची केली असती तर तेच गाव निखळ शेतकरी ठरले असते. व्याख्येने बायकांना मोजले नाही, कारण बायकांचे काम मोजणीत स्थिर राहत नाही अशी समजूत होती. त्या समजुतीची किंमत आज कोण भरते, ते पुढे येईल.

आता एक गाव कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. जयपूर महापालिकेच्या हद्दीपासून ते चार किलोमीटरवर आहे. वस्ती सहा हजार, घरे दाट, तीनचतुर्थांशांहून अधिक पुरुष कारखान्यांत वा दुकानांत. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, ग्रामसभा भरते. हे गाव ग्रामीण की शहरी?

जनगणना म्हणते, शहरी. तीनही कसोट्या पूर्ण झाल्या. पंचायतराजाचा कायदा म्हणतो, ग्रामीण; येथे नगरपालिका नाही. रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणात दहा हजारांहून कमी वस्तीचे केंद्र ग्रामीण असते, म्हणून येथील बँकेची शाखा ग्रामीण. प्राप्तिकर कायदा निराळीच फूटपट्टी काढतो. दहा लक्षांहून अधिक लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आतील शेतजमीन ही करासाठी ग्रामीण शेतजमीन धरली जात नाही. म्हणजे या गावातल्या शेतकऱ्याने रान विकले तर भांडवली नफ्याचा प्रश्न उभा राहतो. हेच रान आठ किलोमीटरपलीकडे असते तर राहिला नसता. बँकेला ग्रामीण, कराला शहरी, सरपंचाला ग्रामीण आणि प्रगणकाला शहरी, अशा चार उत्तरांच्या मध्ये ते गाव उभे आहे. आणि यांपैकी एकही उत्तर चुकीचे नाही. प्रत्येक खात्याने आपल्या कामापुरती रेषा आखली. त्या रेषा एकाच माणसाच्या अंगणातून जातात, ही गोष्ट कोणत्याच खात्याच्या कामात येत नव्हती.

शाळेच्या महोत्सवात नवोदय विद्यालयांचा उल्लेख करणे सयुक्तिक ठरेल. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक म्हणून पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी निवासी शाळा, हा त्यांचा हेतू. जिल्ह्यातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना दिल्या जातात. ग्रामीण ठरण्यासाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तीनही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावी लागतात. या वर्गांत असताना एक दिवस जरी शहरी शाळेत शिकल्याचे दिसले तर मूल शहरी, असा नियम माहितीपत्रकांत आढळतो. आणि शहरी म्हणजे काय? तर २०११ च्या जनगणनेने वा त्यानंतरच्या शासकीय अधिसूचनेने जे शहरी ठरले ते, असे त्याच माहितीपत्रकांत अनेक वर्षे छापले जात होते.

म्हणजे आपल्या त्या कल्पित गावात आई रोजगार हमीच्या कामावर ग्रामीण मजूर म्हणून जाऊ शके, आणि तिचा मुलगा नवोदयच्या परीक्षेला शहरी उमेदवार ठरू शके. घर एकच, चूल एकच.

रोजगार हमीचा विचार अधिक सावकाश करावयास हवा, कारण तेथे रेषेची धार सर्वांत तीक्ष्ण आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा हक्क दिला. पहिल्या टप्प्यातील २०० जिल्ह्यांत जयपूर नव्हते. १ एप्रिल २००८ पासून कायदा देशभर लागू झाला तेव्हा ते आले. त्या कायद्यात ‘ग्रामीण क्षेत्र’ म्हणजे कोणतीही नागरी स्थानिक संस्था वा छावणी मंडळ यांच्या हद्दीत नसलेले क्षेत्र, एवढीच व्याख्या होती. पुन्हा तोच नकार. वस्ती किती, शेती किती, दारिद्र्य किती, याचा तिच्याशी संबंध नाही.

याचा परिणाम असा की, ज्या दिवशी गावाला नगरपालिका मिळते वा ते महापालिकेच्या हद्दीत घेतले जाते, त्या दिवशी तेथील जॉबकार्ड निकामी होते. बाई तीच, खोपटे तेच, तलावाचा गाळ काढण्याचे कामही कदाचित उरलेलेच. राजस्थानात या कामांवर स्त्रियांची गर्दी पूर्वीपासून मोठी. पुरुष शहरात गेलेल्या घरात गावातल्या गावात मिळणारी ही रोख मजुरी बाईच्या हातची असे. पुरुषांची मोजणी करून गाव शहर ठरावे आणि त्या शहरपणाच्या आधारे उद्या नगरपालिका झाली की पहिली मजुरी बायकांची जावी, असा हा हिशेब आहे. शिवाय ग्रामसभा संपते. कामे कोणती घ्यावीत हे ग्रामसभेत ठरे, हजेरीपट तेथे वाचून दाखविता येई. जाहीर हिशेबतपासणीची चळवळ राजस्थानच्याच खेड्यांत उभी राहिली, हे येथे आठवते. नगरपालिकेत नगरसेवक असतो, वॉर्ड असतो. सगळ्या गावाने चौकात बसून प्रश्न विचारण्याची कायदेशीर जागा मात्र राहत नाही. तिच्या बदल्यात नळ, गटार आणि पथदिवे आधी येतात की घरपट्टीची पावती, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून सांगावे.

या बाबतीत महाराष्ट्राच्या जुन्या योजनेत एक शहाणपण होते. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कसास लागली आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ही योजना खेड्यांपुरती आखूनही ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रात लागू ठेवलेली होती. चाळीस हजारांपर्यंत वस्तीचे गाव नगरपालिका झाले म्हणून तेथील मजूर लगेच शहरी होत नाही, हे आखणाऱ्यांना ठाऊक होते. केंद्राच्या व्याख्येत ही सवलत राहिली नाही. पुढे महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. तेव्हा हाच प्रश्न आपल्याकडच्या अनेक लहान गावांच्या दाराशी येऊन ठेपला. त्यांतली काही गावे श्रोत्यांपैकी अनेकांची असतील.

राजस्थानने दुसऱ्या बाजूने तोडगा काढला. ९ सप्टेंबर २०२२ रोजी जयपूरहून इंदिरा गांधी शहरी रोजगार हमी योजनेचा आरंभ झाला. शहरातल्या कुटुंबांनाही शंभर दिवसांचे काम देण्याची ती योजना. हक्क शहराच्या वेशीवर तुटू नये, हा विचार त्यात होता. मात्र ती कायद्याने नव्हे तर अर्थसंकल्पातील घोषणेने आलेली योजना होती, आणि घोषणेचे आयुष्य सरकारच्या आयुष्याएवढे असते.

रेषा नेहमी शहराच्याच बाजूला सरकते असे नाही, कारण पैसा जिकडे असेल तिकडे ती ओढली जाते. तामिळनाडूने २००४ मध्ये ५६६ नगरपंचायतींना ‘विशेष ग्रामपंचायत’ करून टाकले. ग्रामीण योजनांचा निधी मिळावा, हा उद्देश. २००६ मध्ये त्या पुन्हा नगरपंचायती झाल्या. दोन वर्षांत तेथील घरे, दुकाने वा धंदे बदलले नव्हते. देशभरात जनगणना नगरांची संख्या २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. वैधानिक नगरे त्या काळात जेमतेम अडीचशेंनी वाढली. मोजणीत शहर झालेल्या वस्त्यांना नगरपालिका देण्याची राज्यांना घाई नव्हती, असाच याचा अर्थ लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली, त्यांत २,३६,८०५ कोटी ग्रामीण संस्थांना आणि १,२१,०५५ कोटी नागरी संस्थांना होते. माणशी हिशेब घातला तर नागरी वाटा उणा दिसत नाही. पण लहान गावाला जवळची वाटते ती ग्रामीण खात्यांच्या योजनांची लांबलचक यादीच.

सगळ्याच व्याख्या अशा आडमुठ्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, तेव्हा तिने महसुली गावाऐवजी ‘वस्ती’ हे एकक धरले. राजस्थानात शेतांमध्ये विखुरलेली घरे असतात, त्यांना ढाणी म्हणतात. आपल्याकडची वाडी म्हणावी तशी. महसुली कागदावर ढाणीला स्वतंत्र अस्तित्व नसते. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत वस्ती म्हणजे काय हे सांगताना ढाणीचा नावानिशी उल्लेख आला. सपाट प्रदेशात ५०० लोकसंख्येची वस्ती, तर डोंगरी, आदिवासी आणि वाळवंटी भागात २५० ची. आणि अर्ध्या किलोमीटरच्या परिघातील वस्त्यांची माणसे एकत्र मोजण्याची मुभा. पावसाळ्यात चिखलातून आजाऱ्याला खाटेवर न्यावे लागते, ते गावातून नव्हे तर वाडीवरून, हे ज्याने पाहिले आहे अशा कोणाचा तरी हात या व्याख्येला लागला असावा.

जगात इतरत्रही हाच खटाटोप चालू आहे. अमेरिकेच्या जनगणनेने शहरी वस्तीची किमान मर्यादा २,५०० वरून २०२० मध्ये ५,००० वर नेली वा त्याऐवजी २,००० घरे पुरेशी मानली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने शहर, नगर आणि ग्रामीण भाग अशी तीन पायऱ्यांची पद्धत तुलनेसाठी मान्य केली. दोनच रकान्यांऐवजी तीन, एवढा बदलही पुष्कळ काम करील. आपल्या घटनेतही ‘संक्रमण क्षेत्र’ हा शब्द आहे. ग्रामीणातून नागरी होत असलेला भाग, ज्याला नगरपंचायत द्यावयाची. या मधल्या अवस्थेला घटनेने नाव दिले आणि स्थानिक संस्थाही दिली. पण बहुतेक योजनांनी तिला मध्ये राहू दिले नाही. नगरपंचायत झाली की गाव थेट शहराच्या रकान्यात. या संक्रमणाच्या वर्षांत जुने हक्क काही काळ चालू ठेवणे एवढी साधी तरतूद योजनांच्या नियमांत घालता आली असती. पाच वर्षे पुरेशी झाली असती. तेवढ्यात तिसरीतले मूल आठवीत जाते.

हद्द बदलण्याच्या अधिसूचनेवर हरकती व सूचना मागविल्या जातात, हे महाराष्ट्रातील पालकांना ठाऊक असेल. अशा वेळी जमिनीचे भाव वाढतील म्हणून आनंदणारे आणि घरपट्टी वाढेल म्हणून चिडणारे तेवढे कचेरीत जातात. जॉबकार्ड असलेली बाई जात नाही. शाळेचे मुख्याध्यापकही सहसा जात नाहीत, वास्तविक तिसरी ते पाचवीची सगळी पटसंख्या त्यांच्या हातात असते.

२०११ नंतरची जनगणना लांबत गेली आणि दीड दशक त्याच आकड्यांवर गावे व शहरे मोजली जात राहिली. दरम्यान जयपूरच्या दोन महापालिका झाल्या, २०२५ मध्ये त्या पुन्हा एक करण्याचे ठरले आणि भोवतालची अनेक गावे हद्दीत आली. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमांत काय बदल करावयाचे ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत करून घ्यावेत, असे राज्यांना कळविण्यात आले होते; त्यानंतरच्या सीमा मोजणीपुरत्या गोठविल्या गेल्या. सीतापुऱ्याच्या पलीकडची एखादी ढाणी त्या तारखेला ज्या यादीत होती, त्याच यादीतील क्रमांक घेऊन प्रगणक तिच्या दारात उभा राहील. आणि म्हशीचे दूध काढून आलेल्या बाईला, घरातला पुरुष मुख्यतः काय काम करतो, ते विचारील.